सडपातळ केस, शांत संगणक : पंख्याआधी उष्णतेचा विचार

टीव्हीखालच्या सडपातळ केसमध्ये (संगणकाच्या बाह्य पेटीत) ६५ वॅटचा प्रोसेसर बसवल्यावर पंख्याचा आवाज खटकेल का, या मूळ प्रश्नावर वर बहुतेकांनी महागडा पंखा सुचवला आहे. मला मात्र उष्णता मुळातच कमी निर्माण करणे अधिक योग्य वाटते. केवळ चित्रपट पाहायचे असतील, तर ६ वॅटचा इंटेल एन१०० प्रोसेसर पुरेसा आहे, कारण एचईव्हीसी आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे दोन्ही प्रकार उलगडण्याची सोय त्याच्या ग्राफिक्स भागातच असल्याने फोर-के चित्रपट चालू असतानाही मुख्य प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही.

खेळांसाठी ६५ वॅटचाच हवा असल्यास ३७ मिलिमीटर उंचीचा नॉक्टुआ एनएच-एल९आय हा कूलर (प्रोसेसरवर बसणारा, पंखा असलेला थंडावा देणारा भाग) पाहावा. मात्र ही उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून मोजलेली असते, हे केस निवडताना ध्यानात ठेवावे. पंखा झाकणाला अगदी भिडला, तर हवा अडून घोंघावणारा आवाज येतो.

संथ, एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, परंतु सतत चढणारा-उतरणारा आवाज संवादांच्या मधल्या शांततेत हमखास टोचतो. म्हणून बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ६० अंशांपर्यंत पंख्याची गती स्थिर ठेवावी आणि गती वाढण्यापूर्वी काही सेकंदांचा विलंब द्यावा.

शेवटी कपाटाबद्दल : माझ्याकडे पंखा बदलूनही आवाज कमी होईना, तेव्हा गरम हवेला वाट मिळावी म्हणून टीव्हीच्या कपाटाची मागची प्लायवूडची फळी काढली आणि त्याच संध्याकाळी फरक जाणवला.