कोन फिल्टर, कोल्ड एअर की कंपनीचा डबा?

नळीवाला काका
सोसायटीतल्या एका पोराने परवा नव्याकोऱ्या स्विफ्टचा एअर फिल्टरचा डबा काढला आणि त्या जागी लाल कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, बसवला. "काका, पिकअप बघा आता." बघितला. आवाज वाढलाय, पिकअप होता तेवढाच. म्हणून सरळ मत मांडतो: टर्बो नसलेल्या, रोजच्या गाडीत इन्टेकवर, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर, घातलेला पैसा हा निव्वळ आवाजावर घातलेला पैसा.

प्रकार तीन धरा. डब्यात कागदाच्या जागी धुता येणारा कापडी पॅनल. बॉनेटखालीच उघडा कोन, म्हणजे शॉर्ट रॅम. आणि लांब पाइप टाकून कोन बंपरच्या आत खाली नेलेला कोल्ड एअर.

माझी २०१९ ची १.२ पेट्रोल, ताकद ८३ पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा). माशांच्या टाकीची पारदर्शक नळी यू आकारात वाकवली, रंगीत पाणी भरलं आणि एक टोक थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे पाइपात खुपसलं. मेहुणा शेजारी नळी धरून. दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबून, साडेपाच हजार आरपीएम: दोन बाजूंच्या पाण्यात १८ सेंटिमीटर फरक. फिल्टर काढून तेच केलं तर १४. म्हणजे कागदाचा अडथळा उणापुरा ४ सेंटिमीटर. वातावरणाचा दाब मोजायचा तर सुमारे १० मीटर पाणी! डबा, फिल्टर, नळी सगळं गायब झालं तरी हाती येणार दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे दीड पीएस. नुसता फिल्टर बदलून अर्धा टक्काही नाही. मेहुण्याची पँट भिजली ती वेगळी.

आरपीएम कोल्हापूर
काका, नळी बरोबर, निकाल चुकला. तुमच्या गाडीचा हिशोब सगळ्यांच्या माथी कशाला? टर्बो कंप्रेसर हवा दुपटीने दाबत असेल तर त्याच्या तोंडाशी गेलेला एक सेंटिमीटर पुढे दोन होऊन जातो. वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, भरपाई करतो, पण मग टर्बोला जास्त पळावं लागतं. माझ्या टर्बोवाल्या पोलो टीएसआयला रिमॅपसोबत (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) मोठा इन्टेक घातलाय, टर्बो लवकर जागा होतो.

आणि "निव्वळ आवाज" म्हणजे काय हो? डिकीत वूफर लावणाऱ्याला कोणी विचारत नाही किती पीएस वाढले. इंजिन श्वास घेताना ऐकू येतं, त्याचे पैसे मी दिले. राजीखुशीने.

नळीवाला काका
हेच तर म्हणतोय. आवाज हवा म्हणून घेतला म्हणा, भांडण मिटलं. "दहा पीएस वाढतात" म्हणून गळ्यात मारतात, राग त्याचा आहे.

भर पावसात
कोल्ड एअरबद्दल मी बोलतो, कारण मी भोगलंय. कोन चाकाच्या पुढे, जमिनीपासून दीड वीत. जुलै महिना, सबवे, पाणी जेमतेम अर्ध्या चाकाला. शेजारून टेम्पो गेला, लाट आली, गाडी ठप्प. मी शहाण्यासारखी पुन्हा चावी फिरवली. टक्. बस, एवढाच आवाज. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो रॉड. गॅरेजवाल्याने कनेक्टिंग रॉड हातात दिला तो तान्ह्या बाळाच्या पायासारखा वाकडा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनच्या नुकसानीचं जादा कवच, घेतलेलं नव्हतं. विम्याचा सर्व्हेअर त्या कोन फिल्टरचे फोटो काढायला लागला तेव्हाच समजलो, पैसे मिळत नाहीत. बसवून देणाऱ्याने पाण्याचा विषयसुद्धा काढला नव्हता.

कंपनी हवेचं तोंड रेडिएटरच्या वर, पुढच्या बाजूला ठेवते. गार हवा तिथेही येतेच की.

आरपीएम कोल्हापूर
वाईट झालं भाऊ. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कंपनीच्या डब्यावाल्या गाड्याही बंद पडल्याच होत्या. साचलेल्या पाण्यात गाडी घातली ती तुम्ही.

भर पावसात
माझ्या मागची डब्यावाली गाडी त्याच लाटेतून निघून गेली. बाकी तुमचं चालू द्या.

घाटातला कोन
शॉर्ट रॅम लावलेला मीच तो बदनाम इसम. चांदणी चौकातल्या गर्दीत ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६१ अंश दिसतं, कबूल. खंबाटकीच्या चढाला सुटलो की दोन मिनिटांत ४०. सिग्नलला उभं असताना पीएस हवेत कोणाला?

नळीवाला काका
सिग्नल सुटतो त्या क्षणीच हवे असतात. ३० अंशाची हवा ६० ची झाली की घनता ९ टक्के उतरते. वाचवले दोन, घालवले नऊ. निदान कोनाभोवती पत्र्याचा आडोसा तरी करा.

घाटातला कोन
म्हणजे परत डबाच झाला की :)

सांगलीची गॅरेजवाली
पीएसवरून भांडताय, धुळीचं कोणी बोलेना. बाबांच्या गॅरेजात अकरा वर्षं हात काळे करतेय. आमच्याकडे उसाचा हंगाम म्हणजे ट्रॉल्यांच्या मागे धुळीचे लोट. फिल्टर आणि इंजिनच्या मधल्या रबरी पाइपात आतून ग्रीसचा पातळ थर द्या, पाचशे किलोमीटर चालवा, मग बोट फिरवा. नीट बसलेल्या कागदी फिल्टरमागे ग्रीस तसंच चकचकीत. परवाच्या कापडी कोनवाल्या गाडीत दोन बोटांमध्ये कचकच लागली, दातांखाली खडा यावा तशी. ती कचकच पुढे रिंगांना आणि सिलिंडरला घासते. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते तेव्हा कोन कोणाला आठवत नाही.

कापड वाईट असंही नाही. धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग मोजून तेल. कमी दिलं तर धूळ आत. जास्त दिलं तर डिझेलवाल्यांच्या एमएएफ सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजतो तो) चिकटा, पिकअप पडतो, आणि लोक इंजेक्टर तपासत बसतात. एवढी शिस्त मला तरी शंभरात चार जणांत दिसते. बाकीच्यांनी तीन-चारशेचा कागद वेळेवर बदलावा. आणि दर आठवड्याला हवा मारून तो झटकू नका. थोडी धूळ धरलेला कागद नव्यापेक्षा बारीक गाळतो.

नवीन चालक
आरटीओ पकडतात का यावर?

सांगलीची गॅरेजवाली
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे, आणि फिल्टरची आरसीत नोंद नसते. वॉरंटीवाले मात्र आरसी बघत नाहीत दादा, बॉनेट उघडतात.

आरपीएम कोल्हापूर
ताई, ग्रीसचं ऐकून पोटात गोळा आला. रविवारी माझ्या पाइपात लावून बघतो. काका, नळी घेऊन या, टर्बोवर तुमचे १८ सेंटिमीटर किती होतात ते मोजू.

नळीवाला काका
येतो. कात्रजच्या जुन्या बोगद्याअलीकडे भेटा. टर्बोला नळी लांब लागेल, नाहीतर रंगीत पाणी तुमचा कंप्रेसर पिईल. मेहुणा येणार नाही म्हणतोय, धरायला माणूस आणा.