रि: अरुबाची जीप टूर, आई-बाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आई-बाबा नागपूरहून येऊन राहिले. पाच दिवस अरुबाला, म्हणजे त्या कॅरिबियन बेटावर, जायचं ठरलंय, तिथे दिवसभराची जीप अन् स्नॉर्केलिंगची (मास्क अन् नळी लावून पाण्यातले मासे बघायची) गाइडेड टूर दिसली. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आईला पोहता येत नाही म्हणून कॅन्सलच करावं म्हणते. कोणी केलीय का?

---

ताई,
मी सध्या नागपुरातच आहे, बाहेर पंचेचाळीस, कूलरमध्ये पाणी भरता भरता लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही हीच टूर आमच्या आई-बाबांना घेऊन केली. पाण्याचं टेन्शन घेऊच नका, घ्यायचं तर जीपचं घ्या.

अख्खं बेट १८० चौरस किलोमीटर, आपल्या नागपूर मनपाच्या हद्दीपेक्षा लहान, म्हणून वाटतं त्यात काय फिरायचं. पण बेटाचा जवळपास पाचवा हिस्सा म्हणजे अरिकोक नॅशनल पार्क, अन् तिथे नॅचरल पूलकडे (pool, म्हणजे खडकांमधलं समुद्राच्या पाण्याचं कुंड) जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड. आम्ही शेवटी चढलो, मिळालं मागचं बाकडं, तेही मागच्या चाकांवरच. ताडोब्याच्या जिप्सीत मागचे लोक कसे उडतात ते आठवा अन् तिपटीने धरा. बाबांची कंबर दोन दिवस धरली होती. तेव्हा समोरची सीट बुकिंग करतानाच मागून घ्या. धूळही भरपूर, आईने दुपट्टा आपल्या नागपुरी स्टाइलने नुसते डोळे दिसतील असा बांधला, तर जेवणापर्यंत दोन गोऱ्या बायका तिच्याकडून तसाच बांधून घेऊन बसल्या होत्या!

त्या कुंडाजवळ खूप पायऱ्या आहेत, समुद्र खवळला असला तर उतरूच देत नाहीत. स्नॉर्केलिंग आमचं बेबी बीचवर झालं, तिथे आत कमरेएवढं शांत पाणी, आई लाइफ जॅकेट घालून उभ्या उभ्याच तोंड बुडवून मासे बघत होती. फक्त समुद्राकडच्या बांधाच्या तोंडाशी जाऊ देऊ नका, तिथे ओढ असते.

घोळ झाला बाबांचा. मास्कमध्ये सारखं पाणी, तीन मास्क बदलले, मग गाइड हसत म्हणाला मिशी! केसांमधून पाणी आत शिरतं, मिशीवर व्हॅसलीन चोपडलं तेव्हा कुठे थांबलं. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने श्वास ओढायचा, चिकटून राहिला तर बरोबर. मग बाबा अर्धा तास बाहेरच येईनात, पॅरटफिश (पोपटासारख्या चोचीचा मासा) दगड कुरतडतो त्याचा कुडुमकुडुम आवाज पाण्यात ऐकू येतो, तो रात्री जेवताना सगळ्यांना करून दाखवत होते.

---

मंडळी, माझे दोन पैसे. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनवर अरुबात १ जुलै २०२० पासून बंदी आहे, लेबल बघून घ्या, खरं तर पूर्ण बाह्यांचा टीशर्टच बरा, स्नॉर्केलिंगमध्ये पाठ भाजते. आणि यूटीव्हीची (छोट्या उघड्या ऑफ-रोड गाडीची) टूर स्वस्त दिसली तरी नीट विचारा, अरिकोकमध्ये यूटीव्ही सोडत नाहीत. आम्हाला हे पैसे भरल्यावर कळलं. शिवाय "नॅचरल ब्रिज" (समुद्रकाठची दगडाची नैसर्गिक कमान) दाखवतो म्हणाले, तो मोठा पूल २००५ सालीच पडलाय, आता शेजारचा पिल्लू पूल बघायचा.

---

सगळ्यांना थँक्यू! समोरची सीट मिळाली. बाबांना फोन केला, मिशी काढायचा विषयच नाही म्हणाले, व्हॅसलीनची मोठी डबी सीताबर्डीहून घेऊन येऊ का विचारून राहिले.