१/७२ हरिकेन मार्क २ सी (इंफाळ १९४४): रंगांचा क्रम, डेकल आणि पावसाळी हवा

ठाणे_७२:
नमस्कार मंडळी. हॉकर हरिकेन मार्क २ सी या चार तोफांच्या लढाऊ विमानाचे १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे) प्लास्टिक मॉडेलचे किट बांधायला घेतले आहे. अर्जनसिंग १९४४ मध्ये इंफाळला भारतीय हवाई दलाच्या ज्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते, तिचे विमान करायचे आहे. कॉकपिट झाले, धडाचे दोन्ही भाग चिकटवायचे बाकी आहेत. एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारे पेन) ०.३ मिमी सुईचा, छोटा टाकीवाला कॉम्प्रेसर. प्रश्न असे:
१) धडाचा सांधा घासताना मागच्या भागावरच्या कापडाच्या उभ्या रेषा पुसल्या जातात, त्या कशा वाचवायच्या?
२) तपकिरी-हिरव्या पट्ट्यांची कड कडक ठेवायची की धूसर?
३) डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांखाली) चंदेरी झाक का येते?
४) जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारला की पांढुरका पडतो. दसऱ्यापर्यंत थांबायचे का?

सांधेजोड:
पहिल्याचे उत्तर देतो, कारण हरिकेन तिथेच बिघडते. या विमानाचे मागचे धड म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेले कापड. त्या पट्ट्यांचे उंचवटे सपाट झाले की मॉडेल हरिकेनसारखे दिसतच नाही. म्हणून तिथे पुटी (फट भरायचा लगदा) लागणारच नाही अशी जोडणी करा.

चिकटवण्याआधी दोन्ही भाग कोरडे जुळवून पाहा. आतले कॉकपिट जागेवर बसवून पुन्हा जुळवा. बहुतेक वेळा फट पडते ती कॉकपिटची भिंत ०.२-०.३ मिमी जाड राहिल्यामुळे. ती घासा, धड दाबून बसवू नका. मग पातळ सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) सांध्यावर सोडा, १५-२० सेकंद थांबा आणि दोन्ही भाग हलके दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर आली पाहिजे. पूर्ण २४ तास हात लावू नका. नंतर ती कड धारदार पात्याने खरवडून काढा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १ मिमी जागा सोडून टेप लावा आणि ८०० चा पाण्याचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून फक्त त्या पट्टीत फिरवा. तरी फट राहिलीच तर त्याच किटच्या स्प्रूचे (सुटे भाग ज्या प्लास्टिक चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून केलेला लगदा भरा. ट्यूबमधली पुटी सुकताना आकसते आणि रंगाखाली महिन्याभराने खळगा दिसतो.

पंखांबद्दल एक गोष्ट. हरिकेनचा मधला भाग सपाट असतो, वर चढणारा कोन चाकांच्या बाहेरच्या भागालाच. पंख धडाला जोडताना मुळाशी फट दिसली तर धडाच्या आत स्प्रूचा आडवा तुकडा घालून धड किंचित फाकवा. पंखांची टोके टेपने वर खेचून फट मिटवाल तर कोन चुकेल आणि समोरून पाहताना ते लगेच डोळ्यांत खुपते.

रंगपेटी:
रंग. बर्मा आघाडीवरच्या या विमानांना वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली मीडियम सी ग्रे. टॅमिया कंपनीच्या रंगांत त्यांसाठी अनुक्रमे एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-८३ चालतील. एक्सएफ-५२ जरा गडद आहे. १/७२ ला त्यात दहावा हिस्सा डेक टॅन मिसळा.

आधी खालचा राखाडी, तो झाकून तपकिरी, शेवटी हिरवा. फिका आधी, गडद नंतर. १ भाग रंग, दीड भाग लेव्हलिंग थिनर (सावकाश उडणारे थिनर), दाब १५ पीएसआयच्या आसपास, अंतर ५-६ सेमी. कडेचे गणित सोपे आहे: खऱ्या विमानावर २५ मिमी धूसर कड असेल तर १/७२ ला ती ०.३५ मिमी होते. म्हणजे जवळजवळ कडकच. ब्लू टॅकच्या ३ मिमी जाडीच्या वळ्या करून सीमारेषेवर ठेवा, मधला भाग टेपने झाका आणि रंग काटकोनात मारा. तिरका मारलात तर वळीच्या एका बाजूला कड पसरते.

रंगाचे पोपडे उडून खालचा धातू दिसतो असे दाखवताना जपा. मागचे धड, सुकाणू, एलेव्हेटर (शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) कापडाचे आहेत. त्यांवर चंदेरी ओरखडे काढणे सरळ चूक आहे. रोटोल कंपनीच्या प्रोपेलरची पातीही बहुधा दाबलेल्या लाकडाची असत. चंदेरी हवे असेल तर पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक आणि मेकॅनिक पाय ठेवत, आणि इंजिनाच्या झाकणांच्या कडेला.

पंखांवरच्या आणि धडावरच्या गोल खुणांमध्ये लाल रंग अजिबात नको. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढून टाकला होता. गडद निळा आणि आत फिका निळा, तोही लहान गोळा. किटच्या पत्रकात पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे दाखवले असतील तर ते इंफाळच्या वेढ्यानंतरचे समजा. आणि टेहळणीच्या काही विमानांवरच्या दोन तोफा काढलेल्या असत, तेव्हा निवडलेल्या विमानाचा फोटो पाहूनच चारही बसवा.

ओलावा_नको:
तिसरा आणि चौथा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्याच्या खळग्यांत डेकलखाली हवा अडकते आणि तीच चंदेरी दिसते. म्हणून आधी ग्लॉस, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. टॅमिया एक्स-२२ मध्ये तितकेच लेव्हलिंग थिनर, दोन पातळ थर, मग ४८ तास. डेकल कोमट पाण्यात १०-१५ सेकंद बुडवून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. बोअरचे पाणी असेल तर डिस्टिल्ड घ्या, नाहीतर क्षारांचा डाग राहतो. पृष्ठभागावर मायक्रो सेट (डेकल चिकटायला मदत करणारे द्रव), त्यावर डेकल, कापूसकाडीने मधून कडेकडे पाणी काढा, मग मायक्रो सोल (डेकल मऊ करणारे द्रव). त्याने डेकल सुरकुततो. त्या वेळी बोटही लावू नका, सुकताना आपोआप बसतो. तरी झाक दिसली तर बारीक सुईने टोचून पुन्हा सोल.

पांढुरकेपणाचे कारण वेगळे. थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले पाणी ओल्या थरात उतरते. म्हणून भरभर उडणारे साधे थिनर टाळा आणि ५ ते १० टक्के रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रव) घाला. खोलीत अर्धा तास एसी ड्राय मोडवर चालवा. मॉडेल थेट एसीच्या झोतात नको, ते गार झाले तर उलट परिणाम होतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढा, नळीला मॉइश्चर ट्रॅप (हवेतले पाणी अडवणारी डबी) लावा. जे आधीच पांढुरके झाले आहे त्यावर लेव्हलिंग थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालून दुरून हलका फवारा. थर पुन्हा मऊ होतो आणि पाणी निघून जाते.

दसऱ्यापर्यंत थांबायची गरज नाही. फक्त मुसळधार पावसाच्या दिवशी ग्लॉस आणि मॅट वार्निश नको. त्या दिवशी कॅनॉपीचे (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाचे) मास्किंग करा, म्हणजे काचा टेपने झाका, हरिकेनला चौकटी भरपूर आहेत.

ठाणे_७२:
खूप आभार, मंडळी. कॅनॉपी सुपरग्लूने लावली तर चालेल का?

सांधेजोड:
नको. त्याची वाफ काचेवर आतून पांढरी बसते आणि बंद कॅनॉपीत ती पुसता येत नाही. साधा पांढरा पीव्हीए गम टूथपिकने लावा, जास्तीचा ओल्या काडीने पुसा. चौकटींवर आधी कॉकपिटचा हिरवा-राखाडी, त्यावर बाहेरचा रंग; आतून पाहताना योग्य रंग दिसतो. टेप मात्र मॅट वार्निश सुकल्यावरच काढा.