मदत हवी आहे: २२ फुटी शिडाची होडी क्रेनने उचलायची आहे (बेलापूर-नेरूळ)

नमस्कार मंडळी. आमची फायबरची होडी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढून सुकी ठेवायची आहे. फिक्स कील (तळाला कायमची बसवलेली जड पाती) आहे, वजन साधारण दीड टन. दिवाळे किंवा सारसोळे जेट्टीच्या आसपास हे काम कोणी केलं असेल तर कृपया सांगा.

हायड्रा क्रेनवाले म्हणतात, "साहेब, दीड टन म्हणजे काहीच नाही." पण क्रेनचा बूम (पुढे येणारा हात) जेवढा लांब काढू तेवढी तिची ताकद कमी होते, आणि होडी जेट्टीपासून लांब उभी राहिली तर खरा प्रश्न तोच. ओहोटीला तर खाडीत नुसता चिखल! म्हणून उधाणाची भरती गाठायचा विचार आहे.

मला जास्त काळजी होडी उचलायच्या पट्ट्यांची आहे. साखळी किंवा वायररोप अजिबात नको, रुंद नायलॉनचेच पट्टे हवेत. मागचा पट्टा सुकाणूवर किंवा शाफ्टवर (पंख्याच्या दांड्यावर) आला तर कायमचं नुकसान. पुढचा नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) सरकू नये म्हणून दोन्ही पट्टे एकमेकांना दोरीने बांधणार आहे. वर स्प्रेडर बार (पट्टे एकमेकांपासून लांब धरणारा आडवा दांडा) नसेल तर पट्टे होडीच्या कडा आत दाबतात. तो बार भाड्याने कुठे मिळेल? डोलकाठी आधी उतरवूच.

खाली ठेवायला लोखंडी क्रेडल (आधाराचा सांगाडा) बनवून घ्यायचं आहे. भार कीलवर, बाजूचे पॅड फक्त तोल सांभाळायला. असं काम केलेला फॅब्रिकेटर तुर्भे-रबाळेकडे कोणाला माहीत आहे का? आणि जेट्टीवर क्रेन उभी करायला परवानगी नेमकी कोणाकडून घ्यायची?