बसून तर राहायचं!

एका भाऊंनी लिहिलंय, ‘लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरले काय, बसून तर राहायचं!’ बसून पाहा मग मे महिन्यात, बाजूला इंजिनचं झाकण तापलेलं अन् बाहेर अकोल्याचं ४५ अंशाचं ऊन. माझे बाबा बस ड्रायव्हर; डोक्याला ओला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून निघत. मूर्तिजापूर येईस्तोवर दुपट्टा वाळून कडक.

ड्रायव्हरले दिवसाला किती तास काम, असंही विचारलंय म्हणून सांगतो. तेव्हाच्या, १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम होतं, लांब पल्ल्याला परवानगी घेऊन १०. पण गाडी बिघडली, रस्ता अडला, तर त्याहून जास्त काम करून घ्यायची सोय त्याच कायद्यात होती. परतवाडा-धारणी रस्त्यावर, सेमाडोहच्या अलीकडे पावसात झाड आडवं पडलं की घड्याळ कोण पाहतो?

धारणीच्या मुक्कामी उन्हाळ्यात बाबा टपावर झोपत. कंडक्टर काका कॅशची बॅग उशाला घेऊन खालीच. सकाळी पहिली फेरी.

सुट्टीत घरी आले तरी झोपेत उजवा पाय खाटेच्या दांडीवर दाबत. आई म्हणे, “अहो, लागला ब्रेक. झोपा आता.”