डिस्चार्ज कार्ड कॉम्प्युटरनं लिहिलं तर?

वैद्यकीय अधिकारी, धारणी तालुका:
सकाळची ओपीडी संपता संपत नाही, मग डिस्चार्ज कार्डं, रेफरल चिठ्ठ्या. परवा अमरावतीला पाठवलेल्या बाळंतिणीच्या चिठ्ठीत बीपी लिहायचंच राहिलं. नोंदवहीत होतं! आकडे आहेतच, तर त्यातून मजकूर सॉफ्टवेअरनं बनवावा. मी वाचून सही करीन. हरकत काय?

लॅब टेक्निशियन, गडचिरोली जिल्हा:
हरकत आहे. आम्ही पूर्वी वापरायचो त्या सॉफ्टवेअरमध्ये सिकलसेलची सोल्युबिलिटी, म्हणजे प्राथमिक रक्तचाचणी, पॉझिटिव्ह भरली की खाली आपोआप 'सिकलसेल रुग्ण' छापून यायचं. त्या चाचणीतून वाहक की ग्रस्त हे कळतच नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची चाचणी लागते. एका मुलीची सोयरीक त्या कागदावर मोडली. पुढं निघाली नुसती वाहक.

वैद्यकीय अधिकारी:
वाईट झालं. पण ते वाक्य कुणा माणसानंच भरून ठेवलं होतं ना? एकदा दुरुस्त केलं की सगळीकडं दुरुस्त. माझं अक्षर कोण दुरुस्त करणार?

निवासी डॉक्टर, सेवाग्राम:
सर, एडिनबर्गच्या नवजात अतिदक्षता विभागातल्या नोंदींवर 'बेबीटॉक' नावाचा प्रकल्प झाला. 45 मिनिटांच्या नोंदींचा मजकूर यंत्र लिहायचं. 2009 च्या शोधनिबंधात तुलना आहे : आलेख, यंत्राचा मजकूर आणि जाणकारांनी लिहिलेला मजकूर. जाणकारांचा वाचून डॉक्टर-नर्सचे निर्णय सरस ठरले. यंत्राचा आलेखाच्याच बरोबरीचा. घटना यायच्या, पण कशामुळं काय झालं हा धागा तुटायचा. आजची यंत्रं सफाईनं लिहितात, म्हणून तर जास्त भीती. न तपासलेलं पोटसुद्धा 'मऊ' लिहून मोकळी होतील.

आशाताई, मेळघाट:
डॉक्टरसाहेब, कार्ड कोन वाचते बाप्पा? इंग्रजीतलं कार्ड बाई पन्नीत घालून खुंटीले टांगते न मले विचारते, गोळी कवा घ्याची? मशीन लिहीतच असन तं एक ओळ मराठीत लिव्हा, मोठ्या अक्षरात. कोरकूत मी सांगतो तिले.

वैद्यकीय अधिकारी:
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. ही ओळ पहिली.

लॅब टेक्निशियन:
ओळ चांगली आहे. पण दुपारी दोन वाजता चाळीस कार्डं समोर आली की साहेब, वाचून सही कराल?

वैद्यकीय अधिकारी:
परवाच्या त्या चिठ्ठीवरही सही माझीच होती. वाचली नव्हती.