‘कल्पनाशक्ती’, ‘ध्यान’ की आणखी काही? एका भाषांतरातील अडचण

पैलतीर :
एका व्याख्यानाचे मराठी भाषांतर करताना मी तीन दिवस एकाच शब्दाशी अडलो आहे, म्हणून येथे विचारत आहे. मूळ संज्ञा ‘कॅथलिक इमॅजिनेशन’ अशी आहे. शिकागोचे धर्मगुरू आणि समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्रीली यांच्या लेखनामुळे ती विशेष परिचित झाली आणि तिच्यामागची वैचारिक बैठक डेव्हिड ट्रेसी या धर्मशास्त्रज्ञांची आहे. आशय असा, की कॅथलिक माणूस देवाला जगापासून दूर बसलेला मानत नाही. पाणी, तेल, मेणबत्ती, भाकर, संतांच्या अस्थी, आईच्या मांडीवरचे मूल, अशा साध्या गोष्टींतून देव भेटतो असे तो धरून चालतो, आणि ही जाण धर्माचे सिद्धान्त पाठ होण्याच्या कितीतरी आधी गोष्टी, चित्रे व सण यांतून त्याच्यात मुरलेली असते.

पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘कॅथलिक कल्पनाशक्ती’ असे लिहिले आणि तो वसईच्या एका स्नेह्यांना वाचायला दिला. त्यांनी त्या शब्दाखाली रेघ ओढून समासात लिहिले, ‘म्हणजे हे सगळे आम्ही कल्पिले आहे, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?’ त्यांना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता, पण त्यांचा आक्षेप मला खोडून काढता आला नाही. आपण ‘ती तुझी कल्पना आहे’ असे म्हणतो तेव्हा समोरच्याचे म्हणणे खोटेच ठरवत असतो. दुसरा शब्द कोणी सुचवेल का?

धातुपाठ :
दोष शब्दाचा नाही, आपल्या वापराचा आहे. ‘कॢप्’ या धातूत जुळणे, समर्थ असणे, रचणे हे अर्थ आहेत. ‘कल्पक’ ही मराठीत निर्भेळ स्तुती आहे. ‘संकल्प’ सोडताना आपण काही खोटे बोलत नाही. लोक एखादा शब्द उणा करून वापरतात म्हणून भाषांतरकाराने तो टाकून दिला, तर चांगले शब्द एकेक करून हातचे जातील. ‘कल्पनाशक्ती’च ठेवावे आणि पहिल्या पानावर तिचा अर्थ स्पष्ट करावा.

बावखल :
मी वसईचा आहे आणि त्या स्नेह्यांच्या बाजूचा आहे. आमच्या घरी झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या पातीचा आजी क्रूस विणत असे. पात आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागे, नाहीतर दुमडताना ती चिरते. तो क्रूस येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे वर्षभर खोचलेला असे. पावसाळ्यात वीज जवळ कडाडली की आजी त्यातली एक काडी मोडून चुलीत टाकत असे आणि आम्हा मुलांना जवळ घेऊन बसत असे. उरलेला वाळका क्रूस पुढच्या वर्षी चर्चमध्ये परत जात असे, कारण राखेच्या बुधवारी कपाळाला लागणारी राख त्याच पातींची असते. आदल्या वर्षी जयजयकाराला हातात धरलेली पात पुढच्या वर्षी कपाळावर ‘तू माती आहेस’ याची खूण होऊन येते, हे मला कोणी समजावून सांगितले नव्हते. बोटांना ते ठाऊक होते. याला कल्पनाशक्ती म्हणावे असे धातुपाठातून सिद्ध झाले, तरी आमच्या आळीत कोणी म्हणणार नाही. मी ‘भावविश्व’ सुचवतो.

ओवी :
‘भावविश्व’ कवितेच्या समीक्षेत वापरून इतके झिजले आहे की त्यातून आता काहीच दिसत नाही. मला ‘ध्यान’ हा शब्द सुचतो. तो मराठीत दुहेरी चालतो, डोळे मिटून केलेले चिंतन म्हणजेही ध्यान आणि त्या चिंतनात उभे राहणारे देवाचे रूप म्हणजेही ध्यान. विटेवरचे ‘सुंदर ते ध्यान’ म्हणताना वारकऱ्याला डोळ्यांसमोरची मूर्तीच अभिप्रेत असते.

येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांची चिंतनपद्धती 1548 मध्ये पोपच्या मान्यतेने छापली गेली. ख्रिस्तजन्माचे चिंतन करताना साधकाने आधी ती जागा मनाच्या डोळ्यांनी पाहावी, असे ती सांगते. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराची. गुहा मोठी की लहान, उंच की बुटकी. ही शिस्त अंगी बाणलेला त्या संघाचा एक इंग्रज धर्मगुरू, फादर थॉमस स्टीफन्स, 1579 साली गोव्यात उतरला आणि 1616 मध्ये त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. ते ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ओळखीचे काही उभे राहावे म्हणूनच म्हटले असणार, असे मला वाटते. पैलतीर यांना हवी असलेली गोष्ट मराठीत चारशे वर्षांपूर्वीच घडून गेली आहे.

धातुपाठ :
‘ध्यान’ला माझा विरोध आहे. ‘कल्पना’त हीनत्व शिरले म्हणून ती टाकायची, आणि मग ‘काय ते ध्यान!’ हा रोजच्या बोलण्यातला प्रयोग कोठे ठेवायचा? शिवाय ध्यान हे एकट्याने एका वेळी करायचे असते, आणि येथे तर साऱ्या समाजाच्या अंगवळणी पडलेल्या जाणिवेबद्दल चालले आहे.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगतो. मराठी कॅथलिक समाजाने बाप्तिस्म्याला ‘स्नानसंस्कार’ आणि धर्मगुरूच्या अभिषेकाला ‘गुरुदीक्षा’ असे अर्थवाही शब्द रूढ केले. प्रपंचात राहणाऱ्या श्रद्धावंतांना ‘प्रापंचिक’ म्हटले. इतकी शब्दसिद्धी असताना चर्चमधल्या मुख्य उपासनेला ‘मिस्सा’ तेवढा परका शब्द का ठेवला, हे मला आजवर उमगलेले नाही. ‘यज्ञविधी’ म्हणता आले असते.

बावखल :
‘मिस्सा’ परका नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, त्याच्या फार आधीपासून हा शब्द आमच्या घरांत होता. लॅटिन भाषेतली उपासना ज्यांना अक्षरही कळत नव्हती, ती माणसे ‘मिस्साला चाललो’ असे म्हणतच पहाटे घराबाहेर पडत. त्या उपासनेच्या शेवटी ‘इते, मिस्सा एस्त’ असे म्हणत, म्हणजे ‘जा, पाठवणी झाली’. त्या एका शब्दावरून साऱ्या विधीला नाव पडले. ‘पाठवणी’ म्हटले की मराठी माणसाला मांडवातून निघणारी लेक आठवते, आणि मला तर मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्या उतरताना नेमके तेच आठवते. ‘यज्ञविधी’ पुस्तकात शोभेल. पहाटे साडेपाचला अंगावर शाल घेऊन निघालेल्या म्हातारीच्या तोंडी तो घालू नका.

कोळीवाडा :
शब्द कसे मुरतात याचे माझ्या घरचे उदाहरण देतो. बांद्र्याच्या डोंगरावरच्या मारियामातेला आम्ही कोळी लोक ‘मोत माऊली’ म्हणतो. तिची मूर्ती समुद्रात सापडेल असे एका कोळ्याला स्वप्न पडले आणि ती तशीच सापडली, ही कथा मी आईकडून ऐकली आहे. समुद्रातून आलेली म्हणून ती मोती, म्हणून मोत माऊली. सप्टेंबरात तिच्या जन्मदिवसाच्या आसपास आठवडाभर जत्रा असते आणि तेथे हिंदू, मुसलमान, पारशी सगळे येतात. पायऱ्यांजवळच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, घरे, पाळण्यातली मुले मिळतात. ज्याचे जे दुखत असेल किंवा ज्याला जे हवे असेल, ते तो मातेपुढे ठेवतो.

मांडवी :
कथा सुंदर आहे, पण व्युत्पत्ती पटत नाही. पोर्तुगीजमध्ये ‘मोंते’ म्हणजे डोंगर. आमच्या कोकणीत 8 सप्टेंबरच्या सणाला ‘मोंती फेस्त’ म्हणतात, तेथे मोत्याचा काही संबंध नाही. डोंगरावरची माता ती मोंत माऊली, आणि बोलताना अनुस्वार गळला, इतके ते सोपे आहे.

कोळीवाडा :
अनुस्वार गळला हे मी मान्य करतो. पण अनुस्वार गळल्यावर लोकांना त्या जागी मोतीच का दिसला, याचे उत्तर पोर्तुगीज कोशात मिळणार नाही. ज्यांचे पोट समुद्रावर चालते त्यांना आईचे नाव समुद्रातूनच आलेले हवे होते. पुन्हा, त्या नावातला दुसरा शब्द ‘माऊली’ आहे. आळंदीच्या ज्ञानदेवांना जो शब्द, तोच येथे.

ओवी :
हे तर ‘ध्यान’च झाले. डोंगर ऐकून मोती पाहणे.

धातुपाठ :
याला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि ती चूक असते. तिला शास्त्राच्या पंक्तीला बसवू नये. पैलतीर यांच्यासाठी मी ‘प्रतिमासृष्टी’ असा मध्यम मार्ग सुचवतो.

बावखल :
‘प्रतिमासृष्टी’त वस्तू नाही. ग्रीली ज्याबद्दल बोलतात ती पात, ते मेण, ते पाणी हाताला लागते. नाताळच्या आधी आम्ही ताटलीत गहू पेरतो, रोज पाणी शिंपडतो आणि वीतभर कोंब आले की ती हिरवी शेते गोठ्याभोवती मांडतो, म्हणजे आमचे बेथलेहेम वसईतच वसते. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरा बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्म उभा केला, तेव्हा त्यांनाही बेथलेहेम आपल्याच गावात आणायचे होते. यासाठी शब्द हवा.

पैलतीर :
सर्वांचे मनापासून आभार. मजकूर शनिवारी द्यायचा आहे. तूर्त मी शीर्षकात ‘कॅथलिक भावदृष्टी’ असे लिहिले आहे आणि इग्नाशियस यांच्या परिच्छेदात ‘ध्यान’ घेतले आहे. ‘भावदृष्टी’त श्रद्धेचा ‘भाव’ आणि पाहणे दोन्ही येतात, पण बावखल यांनी सांगितलेला हाताचा स्पर्श तिच्यातही नाही, हे मला जाणवते. कोळीवाडा यांना एक विचारतो. मातेपुढे ठेवायच्या त्या मेणाच्या वस्तूंना तुमच्या घरी काय म्हणतात? व्याख्यानात त्यांचा उल्लेख आहे आणि मी ‘मेणाच्या प्रतिकृती’ असे लिहून ठेवले आहे.

कोळीवाडा :
‘प्रतिकृती’ कोणी म्हणत नाही. माझ्या धाकट्या भावाचा पाय मोडला होता, तेव्हा आईने मेणाचा पाय घेतला होता. तो उन्हात मऊ पडू नये म्हणून पदरात गुंडाळून, पायऱ्या चढताना दर थोड्या वेळाने ती मागे वळून मला विचारत होती, ‘नवस नीट आहे ना रे?’ आमच्याकडे त्या वस्तूलाच नवस म्हणतात.

धातुपाठ :
‘नवस’ हा शब्द ‘नमस्या’वरून आला, असे माझे मत आहे.

मांडवी :
त्याबद्दल मला शंका आहे. सविस्तर उद्या लिहीन.